लेकीबरोबर पाहिलेले धारवाड

बायांनो, खरे सांगा, तुम्ही घराबाहेर कधी पडता? देवाला जातो, लग्नाला जातो, मयताला जातो, दवाखान्यात जातो. नुसते एखादे गाव बघायचे म्हणून पिशवी भरली आणि निघाले, असे आपल्यात होत नाही. माझेही कधी झाले नव्हते. गेल्या वर्षी मार्गशीर्षात मी तीन दिवस धारवाड आणि आसपासचा मुलूख हिंडून आले. तेही बघायला म्हणून गेले नव्हते, तपासायला गेले होते. त्याची ही हकिकत आहे. घरातल्या पुरुषमाणसांनीही वाचायला हरकत नाही. यात म्हशी आहेत, कापूस आहे, धरणही आहे.

आमचे गाव गडहिंग्लज तालुक्यात. दीड एकर ऊस, बाकी रानात सोयाबीन, भुईमूग, थोडी मिरची, आणि दावणीला चार म्हशी. थोरली लेक शेतीची पदवी घेऊन घरी आली तेव्हा आम्हाला वाटले, झाले शिक्षण. निपाणीकडचे एक स्थळ चालून आले होते, मुलगा नोकरीला, माणसे बरी. तेवढ्यात हिने गुपचूप दिलेल्या अखिल भारतीय परीक्षेचा निकाल लागला आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठात पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणाला जागा मिळाली. विषय पिकांच्या नव्या जाती काढण्याचा.

घरात आठवडाभर कोणी कोणाशी नीट बोलले नाही. मालकांचे म्हणणे, परका मुलूख, भाषा कानडी, मुलगी बावीस वर्षांची, स्थळ काय आपल्यासाठी थांबून राहणार आहे का? लेक गप्प. मी मधे. शेवटी एका रात्री धार काढून आल्यावर हे म्हणाले, "तू जा हिला घेऊन. तुझ्या डोळ्यांनी बघ. तुला बरे वाटले तर फी भर आणि ठेवून ये. नाही तर दोघी परत या. मी काही बोलणार नाही."

ऐकायला सोपे वाटते. पण बायांनो, आयुष्यभर सगळे निर्णय दुसऱ्याने घेतलेले असले आणि एकदम एक आपल्या पदरात पडला, की तो निखाऱ्यासारखा पोळतो. फीसाठी मी माझ्या हाताने वाढवलेली गाभण रेडी विकली. ते पैसे रुमालात बांधून पोटाशी ठेवले आणि निघालो. आज कबूल करते, मनातून मी खोट शोधायला निघाले होते. काहीतरी खोट सापडावी, म्हणजे लेकीला घेऊन परत यायला बरे.

पहिली गंमत बसमध्येच झाली. आपल्या एसटीत 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट आहे, ते काढून संकेश्वरला गेलो. पुढे कर्नाटकची बस. तिथे 2023 च्या जूनपासून साध्या बसमध्ये बायकांना तिकीटच नाही असे ऐकून होते, म्हणून मी ऐटीत बसले. कंडक्टरने आधारकार्ड मागितले, उलटसुलट बघितले, "महाराष्ट्र, री," म्हणाला आणि दोन पूर्ण तिकिटे फाडून हातात ठेवली. ती सवलत त्यांच्या राज्यातल्या बायकांना. शेजारच्या बाईने मात्र तोंड भरून विचारले, "ऊट आत्री?" म्हणजे जेवलात का. माझी आजी सीमेपलीकडची, तिच्या तोंडची भाषा अशीच होती. मी मोडक्यातोडक्या कानडीत उत्तर दिले आणि धारवाड येईपर्यंत तिने मला तिच्या दोन्ही सुनांची गाऱ्हाणी सांगितली. लेक बघतच राहिली. तिला माहीत नव्हते की आईला कानडी येते. मलाही विसर पडला होता.

धारवाड गाव मोठ्या मोक्याच्या जागी वसले आहे. गावाच्या पश्चिमेला मलनाड सुरू होतो, म्हणजे तांबडी माती, भात, आंब्याच्या बागा, झाडी. पूर्वेला निघाले की काळी सपाट जमीन, नजर पोचते तिथवर ज्वारी, कापूस, हरभरा, मिरची. एकाच गावच्या दोन वेशींना दोन देश. हवा थंड, रस्त्यांना चढउतार, आणि जिकडे बघावे तिकडे पाठीवर दप्तर घेतलेली पोरे. शाळा आणि कॉलेजांचे गाव म्हणूनच ते शंभर वर्षांहून जास्त काळ ओळखले जाते. 1917 साली सुरू झालेल्या कर्नाटक कॉलेजची इमारत बघून मी म्हटले, हा तर एखाद्या राजाचा वाडा. तर लेक म्हणाली, पूर्वी इथे सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य कचेरीघर होते. आगगाडीचे साहेब गेले आणि पोरे आली. कर्नाटक विद्यापीठही इथेच, ते 1949 सालचे. 2016 पासून इथे आयआयटी आहे.

एक गोष्ट मात्र आपण मराठी माणसांनी ऐकण्यासारखी आहे. इंग्रजांच्या काळात हा भाग मुंबई इलाख्यात होता आणि इथल्या शाळांत, कचेऱ्यांत मराठीचाच जोर होता. घरात कानडी बोलणाऱ्या पोरांना शाळेत मराठी शिकावे लागे. म्हणून 1890 साली रा. ह. देशपांडे यांनी कर्नाटक विद्यावर्धक संघ काढला, आपल्या भाषेला आपल्याच गावात जागा मिळावी म्हणून. ती संस्था आजही चालू आहे. सीमेवर राहणाऱ्या आम्हा लोकांच्या कानावर भाषेचे भांडण नेहमी एकाच बाजूने येते, म्हणून हे सांगितले.

प्रवेशाचे कागद पहिल्याच सकाळी झाले. फी भरायला तीन दिवसांची मुदत होती. म्हणजे तीन दिवस माझ्या हातात होते. बसस्टँडजवळ एका साध्या लॉजमध्ये खोली घेतली, दाराला आतून खुर्ची लावली आणि रुमाल उशीखाली.

कृषी विद्यापीठ गावाबाहेर एका टेकाडावर आहे. त्या जागेचे नाव येत्तिनगुड्डा. येत्तु म्हणजे बैल, गुड्डा म्हणजे डोंगर. बैलाच्या डोंगरावर शेतीचे विद्यापीठ! हे मला फार आवडले. कॉलेज 1947 सालचे, विद्यापीठ मात्र 1986 चे, त्याआधी ते बेंगळूरच्या विद्यापीठाला जोडलेले होते. आत शिरले तर कुंपणाच्या आत रानच रान. वाफ्यावाफ्याला पाटी, पाटीवर नंबर. आपण रानात मिरचीची ओळ लावतो, तसे इथे एकेका ओळीचे टिपण ठेवतात.

कापसाच्या तुकड्यात बाया वेचणी करत होत्या. तुमच्यातल्या कापूसवाल्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना 'वरलक्ष्मी' आठवत असेल. तो संकरित कापूस 1972 साली इथूनच निघाला, डॉ. कटर्की यांनी काढलेला. 'लक्ष्मी' नावाची जात आणि इजिप्तच्या कापसाच्या कुळीतली लांब धाग्याची जात, यांचा तो संकर. दोन अगदी वेगळ्या कुळ्यांचे मिळून शेतावर चालेल असे बियाणे देशात पहिल्यांदा निघाले ते हे. पुढे 1981 साली 'जयलक्ष्मी' आला, त्याला डीसीएच 32 म्हणतात. 2002 नंतर बीटीचे वारे सुटले आणि ही नावे मागे पडली, पण अतिलांब धागा म्हटले की आजही 'जयलक्ष्मी'चे नाव निघते.

ते बियाणे तयार कसे करतात हे मी वेचणीवाल्या एका अक्काला विचारले. तिने वेचणी थांबवून, उरलेसुरले एक फूल तोडून मला दाखवले. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर धरायची. पाकळ्या आणि आतली नराची भुकटीची दांडी नखाने अलगद सोलून काढायची, मधली मादीची काडी तेवढी ठेवायची. तिला धक्का लागला तर कळी वाया. वर कागदाची टोपी चढवायची, वारा किंवा माशी लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचे ताजे फूल आणून त्याची भुकटी त्या काडीवर फिरवायची आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. अशा हजारो कळ्या, एकेक करून, हाताने. आपण पिशवी फोडतो आणि बी टोकतो, पण त्या प्रत्येक बोंडामागे एका बाईचे नख असते.

अक्का हसून म्हणाली, "आम्ही रोज लग्ने लावतो. संध्याकाळी हळद, सकाळी अक्षता."

लग्नाचा शब्द निघाला आणि माझ्या पोटात कालवले. निपाणीकरांना निरोप द्यायचा राहिला होता. लेकीकडे बघितले तर ती मातीत गुडघे टेकून, अक्काने टाकून दिलेले फूल पुन्हा उलगडून बघत होती. इतकी वर्षे तिला अभ्यासाला बसलेली मी बघितली होती, पण तेव्हा डोळे पुस्तकात असायचे. तिचे हे डोळे मी पहिल्यांदा बघितले.

खोट अजून सापडली नव्हती.

दुपारी लाईन बाजारात पेढा घ्यायला गेलो. धारवाडी पेढा आपल्या पेढ्यासारखा पांढरा नसतो. खवा तपकिरी होईपर्यंत भाजतात आणि वरून बारीक साखरेत घोळतात. उत्तरेकडच्या उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने तो इथे आणला असे सांगतात. दुकान एवढेसे आणि रांग रस्त्यापर्यंत. पण मला पेढ्यापेक्षा त्यातल्या दुधाचे नवल. या भागात गवळी लोकांकडे काळ्या म्हशी असतात, मागे अर्धचंद्रासारख्या वळलेल्या शिंगांच्या. पिढ्यान् पिढ्या त्या इथे आहेत, पण 2021 साली त्यांची 'धारवाडी' ही स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली. आपल्या पंढरपुरी म्हशीची शिंगे लांब तलवारीसारखी; हिची तशी नाहीत. दूध बेताचे, पण घट्ट. कमी चाऱ्यावर निभावणारी जात आहे. रस्त्याकडेला बांधलेल्या एका म्हशीची कास मी वाकून बघत होते तेव्हा लेक लाजून म्हणाली, "आई, चल ना, लोक बघतायत." बघेनात का. लोक देऊळ बघतात, मी म्हैस बघते.

संध्याकाळी साधनकेरीला गेलो. तळ्याकाठी कवी द. रा. बेंद्रे यांचे घर आहे. 1896 चा जन्म, घरात मराठी बोलत, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, बारा वर्षे सोलापूरला शिकवत होते, आणि झाले कानडीचे केवढे मोठे कवी. 1973 चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. आपले जी. ए. कुलकर्णीही याच गावात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवत राहिले आणि मराठी कथा लिहीत राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे 'मृत्युंजय' नावाचे घरही बघितले. ते कोल्हापूरच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे गाणे शिकलेले. मला गाण्यातले कळत नाही, त्यामुळे फार वेळ थांबलो नाही. पण भाषेचे माझे भय त्या तळ्याकाठी थोडे कमी झाले, एवढे खरे.

दुसऱ्या दिवशी हुबळी. धारवाड ते हुबळी वीस किलोमीटर, मधे बसला स्वतंत्र रस्ता काढलेला आहे. 2018 साली सुरू झालेल्या त्या बसगाड्यांचे नाव 'चिगरी', म्हणजे हरीण. वाटेत उणकलला चालुक्यांच्या काळातले चंद्रमौळेश्वराचे काळ्या दगडाचे देऊळ आहे. चारी बाजूंनी घरे अशी चिकटली आहेत की देवळाला श्वास घ्यायला जागा नाही. पण आत शिरले की एकदम गार आणि शांत. सिद्धारूढ स्वामींच्या मठात प्रसादाला बसलो. तिथे आपल्याकडची माणसे भेटतातच. चंदगडकडची दोन कुटुंबे भेटली.

हुबळीत बेंगेरी म्हणून भाग आहे, तिथे खादी संघाच्या आवारात राष्ट्रध्वज शिवतात. 15 ऑगस्टला आपल्या शाळेवर झेंडा चढतो तेव्हा तो कुठून येतो हे आपल्या मनातही येत नाही. धारवाडजवळचे गरग गाव झेंड्याच्या खादीसाठी नावाजलेले आहे. बेंगेरीत कामाला बहुतेक बायकाच. कापड कापायचे, रंगायचे, चक्र छापायचे, शिवायचे. झेंड्याचे नऊ आकार ठरलेले आहेत. सर्वांत मोठा 21 फूट लांब आणि 14 फूट रुंद, सर्वांत लहान वीतभर. चोवीस आरे, दोन्ही बाजूंचे चक्र एकावर एक तंतोतंत, जरा चुकले तर तुकडा बाद. 2021 च्या डिसेंबरात नियम बदलून यंत्रावरच्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्यालाही परवानगी दिली गेली. झेंडा स्वस्त झाला, घरोघर गेला, हे खरे. पण हाताने सूत काढणाऱ्यांच्या पोटावर त्याचा पाय पडला, हेही खरे. कापूस पिकवणाऱ्यांनी तरी सुती झेंडा घ्यावा असे माझे मत. चार पैसे जास्त जातील.

त्या रात्री खोलीत लेक रडली. मी झोपले असे समजून रडत होती. मी उठून बसले तर म्हणाली, "आई, मी येते परत. आप्पांना एकट्याला चार म्हशी, तुझी कंबर तशी. दोन वर्षं कशी जातील? मला नको."

बघा आता. दोन दिवस मी खोट शोधत होते आणि ती खोट तिनेच माझ्या हातात आणून ठेवली. नुसते "बरं" म्हणायचे, की काम झाले. सकाळची बस, दुपारपर्यंत घर, रात्री निपाणीला फोन. जीभ टाळ्याला चिकटली होती. मी म्हटले, "झोप आता. उद्या यल्लम्माला जायचंय."

सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आपल्या कोल्हापूरकडच्या लोकांना सांगायला नको. पौर्णिमेला आपल्या भागातून गाड्याच्या गाड्या भरून जातात. धारवाडहून ते चाळीसेक किलोमीटर. पौर्णिमेला आठ दिवस होते, म्हणून गर्दी बेताची. मी मागे दोनदा जत्रेला आले होते. दोन्ही वेळा ट्रकमध्ये बसून, रात्री येऊन, रांगेत उभे राहून, नैवेद्य दाखवून परत. डोंगर कसा आहे, वरून काय दिसते, हे बघितलेच नव्हते.

देवीपुढे उभी राहिले आणि घाम फुटला. कारण तुम्हाला सांगते. आदल्या वर्षी याच ठिकाणी मी नवस बोलले होते, लेकीचे लग्न जमू दे, ओटी भरीन. आता तीच लेक शेजारी उभी. देवीने स्थळ तर आणले होते! मग काय मागायचे? काही सुचेना. भंडारा कपाळाला लावला, ओटी भरली आणि काहीही न मागता बाहेर आले.

पायऱ्यांवर बसलो. आमच्या गल्लीत एक जोगतीण आजी होती. लहानपणी डोक्यात जट आली म्हणून आईबापांनी तिला याच डोंगरावर देवीला सोडले. मंगळवार-शुक्रवार परडी घेऊन ती जोगव्याला यायची. मी लहान असताना तिला एकदा विचारले होते, "आजी, तुला यायचं होतं का देवाकडं?" ती म्हणाली होती, "मला कुणी इचारलंच न्हाई बाळ." देवदासींची पहिली परिषद आमच्या गडहिंग्लजलाच भरली, 1975 साली. कर्नाटकाने मुली सोडण्याविरुद्ध कायदा केला 1982 साली, आपल्याकडे 2005 मध्ये झाला. आजी त्याआधीच गेली. मला सातवीनंतर शाळेतून काढले तेव्हा मलाही कुणी विचारले नव्हते. त्यात दुःख असे काही नव्हते. विचारायचे असते हेच माहीत नव्हते.

डोंगराहून खाली मलप्रभा नदीवरचे नवीलतीर्थ धरण आहे. नवील म्हणजे मोर. दोन डोंगरांच्या चिंचोळ्या खिंडीत नदी अडवली आहे, 1972 साली काम पुरे झाले. जलाशयाला नाव रेणुकासागर, म्हणजे आपली यल्लम्माच. बसमध्ये नवलगुंदकडचे एक अज्जा शेजारी बसले होते. धरणाचे कौतुक करायला मी तोंड उघडले तर ते म्हणाले, पाणी बघून ये, पण पाण्याचा हिशोबही ऐक. कालव्याच्या भागात सरकारने जमीन सुधारली म्हणून आकार लावला, पाणीपट्टी लावली. पाणी कित्येकांच्या रानापर्यंत पोचलेच नव्हते, पैसे मात्र मागितले. 21 जुलै 1980 ला नरगुंद आणि नवलगुंदला शेतकरी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. कर्नाटकातली रयत संघटना त्याच वर्षी उभी राहिली. दर 21 जुलैला तिकडे लोक जमतात आणि त्या मेलेल्यांची आठवण काढतात. अज्जा तेव्हा तरणे होते. पुढे मोर्चात ते स्वतः होते का, हे मी विचारले नाही. त्यांच्या हाताकडे बघितले आणि विचारवले नाही.

धरणाच्या कठड्याजवळ शिदोरी सोडली. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि खानावळीतून बांधून घेतलेली भरली वांगी, त्याला तिथे एण्णेगाई म्हणतात. तेल आपल्यापेक्षा जास्त, तिखट कमी. मिरची ब्याडगी असते. रंग असा की भाजी पेटल्यासारखी दिसते आणि जिभेला काहीच नाही. आपली संकेश्वरी बघा, रंग थोडा कमी पण कान लाल करते. लेक हसत म्हणाली, "आई, तो रंगच तर विकला जातो. ब्याडगीचा रंग काढून खाण्याच्या पदार्थांत घालतात." मग ती बोलतच सुटली. संकेश्वरीवर रोग का येतो, जुने वाण का मोडले, आपल्या रानातली मिरची सुधारायची तर काय करावे लागेल. एक घास हातात धरून दहा मिनिटे बोलत होती. रात्रीचे रडणे तिला आठवतही नव्हते.

मी म्हटले, "तुला राहायचंय का इथं? आप्पांचं सोड. माझी कंबर सोड. म्हशींचं सोड. तुला काय पाहिजे?"

ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "राहायचंय."

"मग उद्या फी भरू," मी म्हटले. झाले एवढेच. सहा महिने घरात जे धुमसत होते ते दोन वाक्यांत मिटले.

चौथ्या सकाळी रुमाल सोडला आणि रेडीचे पैसे मोजून दिले. पोचपावती लेकीकडे न देता मी माझ्याजवळ ठेवली, मालकांना दाखवायला. वसतिगृहाची खोली बघितली. खोलीत विजापूरकडची एक मुलगी होती. तिची आई गेल्याच आठवड्यात परत गेली होती आणि मुलीचे डोळे अजून सुजलेले होते. मी दोघींना पेढा दिला आणि पटकन निघाले. जास्त थांबले असते तर पाय निघाले नसते.

बेळगावच्या बसमध्ये बसले. शेजारची जागा रिकामी. तीसेक किलोमीटरवर कित्तूर आले आणि मला काय झाले कोण जाणे, मी उठले आणि उतरले. थेट घरी जाववेना. रिक्षा करून किल्ल्यावर गेले. हीच राणी चन्नम्माची गादी. मुलगा गेला, तिने दत्तक घेतला, धारवाडच्या थॅकरे नावाच्या कलेक्टरने दत्तक मानला नाही आणि फौज घेऊन आला. 1824 च्या ऑक्टोबरात झालेल्या लढाईत तोच मारला गेला. डिसेंबरात इंग्रज जास्त फौज घेऊन आले, किल्ला पडला. राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवले, तिथेच ती 1829 साली गेली. तिचा शिपाई संगोळी रायण्णा पुढे लढत राहिला, त्याला 1831 साली नंदगडला फाशी दिले. वाड्याच्या आता भिंती तेवढ्या उभ्या आहेत, मधे गवत. वस्तुसंग्रहालय आहे, ते बघायला अर्धा तास पुरतो.

मी मात्र दीड तास बसले. पडक्या भिंतीच्या सावलीत, एकटी. पन्नाशीला आलेल्या बाईने एकटीने एखादी जागा बघायला बसमधून उतरायचे, हे मी कधी स्वप्नातही आणले नव्हते. शेंगदाणे घेतले, खाल्ले, उरलेले पिशवीत टाकले, आणि पुढची बस धरली.

तुम्हाला जायचे असेल तर पावसाळा सरल्यावर जा, धारवाडचा पाऊस चिवट असतो. तीन दिवस पुरतात. नरगुंदला जायचे माझे राहिले, ते तुम्ही करा. भाकरी बरोबर ठेवा, पण पहिल्याच दिवशी तिथल्या खानावळीत एकदा जेवा. कर्नाटकच्या बसचे तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवा, माझ्यासारखे ऐटीत बसू नका. आणि पेढा परतीच्या दिवशीच घ्या, नाही तर लॉजवरच संपतो.

घरी पोचले तेव्हा हे गोठ्यात होते. मी पावती पुढे केली. त्यांनी ती कंदिलाशी धरून वाचावी तशी बल्बखाली धरून दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली. म्हणाले, "रेडीचेच पैसे?" मी म्हटले, "तेच." मग पेढा खाल्ला, आणखी एक मागितला आणि म्हणाले, "दूध घट्ट आहे. म्हशी बघितल्यास का तिथल्या?"

निपाणीकरांना आम्ही दोन वर्षे थांबा असा निरोप दिला. ते थांबले नाहीत. फाल्गुनात त्या मुलाचे लग्न झाले. पत्रिका आली होती. मला दोन रात्री झोप लागली नाही, हे लपवत नाही.

धारवाडच्या विद्यापीठात सप्टेंबरात कृषी मेळा भरतो. हे गेला महिनाभर त्याच्याच मागे आहेत. तिथे म्हशी असतात का, म्हणून लेकीला दोनदा फोन झाला. ती म्हणाली, असतात. तेव्हा शेजाऱ्यांना त्यांनी सांगून ठेवले आहे की दोन दिवस आमच्या म्हशींच्या धारा काढाल का. आम्ही दोघे जाणार आहोत.